डाव्या गुडघ्याचे विश्वसनीय सूत्र

माझी नजर भेदक, नाक तीक्ष्ण आणि स्मरणशक्ती अशी, की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. कुठे पाहिला तेवढे आठवत नाही. शहरातले गुन्हेगार मला टरकून असावेत, कारण आजवर एकही माझ्या वाटेला गेलेला नाही. म्हणून पोटापाण्यासाठी मी चष्मे विकतो.

बुधवारी मेहुणा वर्तमानपत्र घेऊन दुकानात आला. तो फुटबॉल संघाचा गोलकीपर. शनिवारी अंतिम सामना, आणि क्रीडा-स्तंभात छापले होते: 'गोलकीपरचा डावा गुडघा कामातून गेल्याचे विश्वसनीय सूत्राकडून समजते. आमच्या मते तो खेळला तर चषक विसरा.'

"भावजी, मागे पलंगाचा कोपरा लागला होता, तोही उजव्याला," तो रडवेला झाला. "प्रशिक्षक म्हणतात, हे कोणी सांगितलं ते कळल्याशिवाय यादीत नाव नाही. सात वर्षं या सामन्याची वाट बघतोय मी."

"सूत्र उद्या हजर करतो," मी म्हणालो.

पहिला संशय राखीव गोलकीपरवर. पण शनिवारी खेळावे लागेल या धास्तीने तो तापाने फणफणला होता. मग संघाचा मालिशवाला. त्याच्या हातांना शाईचा वास नव्हता; म्हणजे हात धुतलेले होते; म्हणजे संशय पक्का. त्याने माझा आखडलेला खांदा मोकळा करून दिला, तेव्हा मी संशय मागे घेतला.

शेवटी स्तंभलेखकालाच फोन लावला. "नाव सांगणार नाही," तो म्हणाला. "पण घरातला माणूस. छातीठोकपणे बोलत होता. लंगडूनही दाखवलं."

घरातला म्हटल्यावर मी बायकोकडे रोखून पाहिले. ती शर्टाला बटण लावत होती.

"उजव्याचा डावा कुठे होतो?" तिने विचारले.

"आरशात," मी तत्काळ उत्तर दिले.

"रविवारी सलूनमध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीत कोण होतं?"

"कोण जाणे. तोंडभर फेस होता."

"आणि तुम्ही काय सांगत होता?"

मेहुण्याच्या गुडघ्याची गोष्ट मी न्हाव्याला आरशासमोर लंगडून दाखवली होती. रंगत यावी म्हणून 'कामातून गेला' हेही मीच जोडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे प्रशिक्षकांसमोर उभे राहिलो. मेहुणा माझ्याकडे मोठ्या आशेने पाहत होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"सूत्र सापडलं," मी म्हणालो. "मीच तो. गुडघा धडधाकट आहे."

प्रशिक्षकांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "गुडघा गेला, असं तुम्हीच सांगितलं. आता धडधाकट आहे, असंही तुम्हीच सांगताय. यातल्या कशावर विश्वास ठेवू?"

"कशावरच ठेवू नका," बायको म्हणाली. "बावीस वर्षं संसार केलाय. हे 'वेळेवर येतो' म्हणाले की मी जेवून घेते."

प्रशिक्षकांनी मान डोलावली आणि यादीत सगळ्यात वर मेहुण्याचे नाव लिहिले.