एका हुंकाराचे वर्गीकरण

लालबागच्या शाळेतील ग्रंथालयाच्या खिडकीशी बसून मनमोहन तळपदे स्वप्न पाहत होता. समोर तीनशे बारा पुस्तके विषयवार उभी होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्याने स्वहस्ते आकडा चिकटवला होता. गिरण्यांच्या धुराड्यांवर संध्याकाळचा गुलाबी प्रकाश रेंगाळत होता. मनमोहनच्या मनश्चक्षूंसमोर मात्र संगमरवरी स्तंभांचे एक अथांग बालग्रंथालय होते. तेथील मुले पावलांचा आवाज न करता चालत, आणि दर्शनी भागी त्याचे स्वतःचे तैलचित्र शोभत होते.

बी. ए. झाल्यावर त्याने शालेय ग्रंथपालाच्या पदविकेचा वर्ग धरला होता. उद्या त्याची प्रात्यक्षिक परीक्षा. उत्तीर्ण झाला तर ही शाळा त्याला कायम करणार होती. अनुत्तीर्ण झाला तर त्याचे वडील अप्पा त्याला माझगावच्या गोदीत कारकून म्हणून चिकटवणार होते. तेथल्या हेडक्लार्ककडे त्यांनी शब्दसुद्धा टाकून ठेवला होता.

"मास्तर," शाळेची शिपाईण शेवंती दारातून म्हणाली, "उद्या सायबीण येतली. ह्या पुस्तकांक कवरां घालू काय?"

"हूं," मनमोहन म्हणाला. त्याच क्षणी तैलचित्राला हार घालण्यात येत होता. हार माणूस गेल्यावर घालतात, हा विचार त्याला शिवला नाही.

"आणि माझ्या मनासारखी लावून ठेवू?"

"हूं."

मग तो तरंगतच गिरगावात घरी गेला.

सकाळी त्याने दार उघडले आणि तो उंबरठ्यावरच थिजला. तीनशे बारा पुस्तकांवर तीनशे बारा एकसारखी कव्हरे होती! जिन्याखाली मोर्चाची उरलेली भित्तिपत्रके पडली होती, ती शेवंतीने कारणी लावली होती. ज्या पुस्तकावर दृष्टी जाई, तेथे एकच घोषणा ठळक लाल अक्षरांत गर्जत होती : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! पाठीवरचे आकडे गडप झाले होते आणि क्रमाचा मागमूस उरला नव्हता.

"शेवंतीबाई! हे काय केलंत?"

"तुमीच हूं म्हटलास. एकदा नाय, दोनदा!"

मनमोहनने एक कव्हर ओढले. ते खळीने इतके पक्के बसले होते की त्याबरोबर आकडा आला, पुस्तकाचे नाव आले आणि पुठ्ठ्याचा कोपराही आला. तो दुसरे ओढणार, इतक्यात जिन्यावर वहाणा वाजल्या.

परीक्षक मृणालिनीबाई आत आल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तळपदे, चळवळीला माझी हरकत नाही. पण तुमच्याकडे एकच पुस्तक आहे का, तीनशे बारा प्रतींत?"

"नाही बाई. आत... आत निरनिराळी आहेत."

"बरं." त्यांनी सूचीच्या खणातून पत्त्याचे पान ओढावे तसे एक कार्ड उपसले. "मुंग्यांवरचं पुस्तक. आकडा पाचशे पंच्याण्णव. द्या काढून."

मनमोहनने पहिले उघडले, तो बीजगणित. दुसरे, शिवणकाम. तिसऱ्यात वाघ निघाला. अकरावे पुस्तक उघडले तेव्हा त्याला गोदीचा भोंगा स्पष्ट ऐकू येऊ लागला.

"मुंग्यो व्हये?" दाराशी झाडू घेऊन उभी असलेली शेवंती म्हणाली. "खालचो खण, खिडकीकडसून तिसरा."

बाईंनी ते उघडले. मुंग्याच होत्या.

"तारे?"

"वरच्या खणात. भिजून फुगलाला."

तेही बरोबर निघाले. मृणालिनीबाईंची भुवई वर गेली. "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

"नाय ओ. पण कवरां मीच घातलंय. चित्रां बघलंय, पोरां बघलंय."

"मग मुंग्या खाली आणि तारे वर, हा कुठला क्रम?"

शेवंतीने झाडू बाजूला ठेवला. "गिरणीत संप झालो की, काय काय पोरां डबो आणनत नाय. मधल्या सुटीत ती हय येवन बसतत. तेंका मुंग्यो आवाडतत, वाघ आवाडता. तेंची पुस्तकां खाली ठेवलंय, कोणाकडे मागूक नको म्हणून."

मनमोहनला आपले संगमरवरी ग्रंथालय आठवले. त्यात त्याने खांब मोजले होते. कोणते मूल उपाशी आहे, हे पाहिले नव्हते.

"तळपदे, ही मांडणी तुमची?"

गोदीचा भोंगा पुन्हा वाजला. तरी तो खरे बोलला. "नाही बाई. माझा फक्त हुंकार होता. मी ऐकतच नव्हतो."

बाईंनी वहीत काही लिहिले आणि जाता जाता विचारले, "शेवंतीबाई, किती शिकलात?"

"वीस वर्सां शाळेतच आसय," शेवंती म्हणाली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. वर्गीकरण : अनुत्तीर्ण. वाचकसेवा : विशेष योग्यता, शिपाईणबाईंसह. एकूण, दोन गुणांनी उत्तीर्ण. खाली शेरा होता : 'उमेदवाराने प्रश्न संपूर्ण ऐकून मग उत्तर देण्याची सवय लावून घ्यावी.'

मनमोहन कागद छातीशी धरून खिडकीत बसला. धुराड्यांवर पुन्हा गुलाबी प्रकाश उतरला होता. स्वप्नातल्या ग्रंथालयात यावेळी खांब नव्हते. सगळे खण जमिनीलगत होते आणि मुले मांडी घालून बसली होती.

"मास्तर, कपाटां धुवन काढू? पुस्तकांसकट?"

"हूं..." म्हणता म्हणता तो ताडकन उठला. "नको! शेवंतीबाई, नको!"

शेवंती पदराआड हसत होती. हातात बादली नव्हतीच.

"जागे आसास काय, ता बघी होतंय."