हळूभाऊंची लाकडी अंडी

"हळू! अगं हळू! हात हलला ना माझा!"

बायकोने कपाटाचं दार नुसतं लोटलं होतं. पण जेवणाच्या टेबलावर हळूभाऊ एका लाकडी अंड्यावर लालसर ठिपके काढत बसले होते, आणि घरात श्वाससुद्धा विचारून घ्यायची पाळी आली होती. प्राणिसंग्रहालयात गाणारे पक्षी सांभाळता सांभाळता त्यांना 'हळू' म्हणायची अशी काही खोड जडली होती, की त्यांचं खरं नाव आता साहेबांनाही चटकन आठवत नसे. सगळ्या जगाला ते हळूभाऊच.

"अहो, पण त्या पाखराला कळणार आहे का, ठिपका इकडे आहे की तिकडे?" बायकोने विचारलं.

"राणीसरकारला सगळं कळतं," हळूभाऊ म्हणाले.

राणीसरकार म्हणजे सोनेरी डोक्याच्या बुलबुलाची मादी. कुठल्याशा दूरच्या बेटावरची जात. रानात जवळजवळ संपलेली, पिंजऱ्यात जेमतेम उरलेली. तिच्या नराला सगळे बुवा म्हणत, कारण तो उजाडायच्या आधी जो गळा मोकळा करायचा तो शेजारच्या पिंजऱ्यातल्या पोपटांनी शिव्या घातल्या तरी थांबायचा नाही. बुवा गाण्यात चोख होता, संसारात चोख होता. घोडं अडायचं राणीसरकारपाशी. ती दरवर्षी दोन अंडी घालायची, चार दिवस मन लावून बसायची, आणि मग काय बिनसायचं कोण जाणे, चोचीने अंडी ढकलून खाली टाकायची. घरट्यावर नजर राहावी म्हणून हळूभाऊंनी जोडी आली त्याच दिवशी पिंजऱ्याच्या मागच्या दाराला भोक पाडून घेतलं होतं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या भोकाला डोळा लावून ते बसलेले असत. तरी असं का होतं ते काही सापडलं नव्हतं. अंडी मात्र गेली ती गेलीच.

यंदा साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. "हळूभाऊ, हे शेवटचं बरं का. आता पिल्लं झाली नाहीत तर जोडी दुसऱ्या संग्रहालयात जायची. वरून ठरलंय, माझ्या हातात काही नाही."

तेव्हापासून हळूभाऊंचं जेवणात लक्ष नव्हतं. बुवाचं गाणं ऐकल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे. जोडी गेली तर माणसाने कामावर यायचं तरी कशासाठी?

म्हणून हा लाकडी अंड्यांचा बेत. खरी अंडी घरट्यातून काढून यंत्रात उबवायची आणि त्यांच्या जागी लाकडाची ठेवायची. राणीसरकार आपली लाकडावर बसून राहील, चिडली तर लाकूड खाली पाडील, बिघडलं काय? खऱ्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायची वेळ झाली की पुन्हा अदलाबदल. हळूभाऊंनी अंडी सुताराकडून कातून घेतली आणि रंगवली स्वतः. साहेबांच्या टेबलावर त्यांनी एक लाकडी अंडं आणि एक जुनं, वाया गेलेलं खरं अंडं शेजारी शेजारी ठेवलं, तर साहेबांनी चष्मा लावून, चष्मा काढून पाहिलं आणि लाकडाच्याच अंड्याला म्हणाले, "हे खरं." त्या दिवशी हळूभाऊ घरी जेवताना एकटेच हसत होते.

अदलाबदलीच्या दिवशी त्यांनी लाकडी अंडी आधी यंत्रात ठेवून कोमट करून घेतली, कारण गार अंडं लागलं तर राणीसरकार बोंब मारणार. मग कापूस घातलेल्या दोन सारख्या वाट्या घेऊन ते स्टुलावर चढले. एका वाटीत लाकडी अंडी. दुसरी खऱ्यांसाठी. राणीसरकार दाणे टिपायला खाली उतरली होती. हळूभाऊंनी श्वास धरला, खरी अंडी अलगद उचलून रिकाम्या वाटीत ठेवली, आणि नेमका खिशातला फोन वाजला.

फोन लेकीचा होता. नव्या नोकरीसाठी ती परगावी एकटी राहत होती, आणि जेवली की फोन करायचा हा वडिलांचाच हुकूम होता. शिवाय रोज संध्याकाळी 'जेवलीस का' विचारायला ते स्वतः फोन करत ते वेगळंच. फोन उचलला नाही तर ती घाबरेल. तिने घाबरून दुसऱ्यांदा केला तर तो पुन्हा वाजेल. हळूभाऊंनी दोन्ही वाट्या घरट्यालगतच्या फळीवर ठेवल्या आणि तोंडावर हात धरून फोन कानाला लावला.

"बाबा, जेवले हं."

"काय जेवलीस? हळू बोल."

"बाबा, मी हळूच बोलतेय. तुम्ही कुठे आहात?"

तेवढ्यात राणीसरकार परतली आणि तिने हळूभाऊंच्या कानाचा असा चावा घेतला, की स्टूल डुगडुगलं, फोन खिशात गेला, एका वाटीतली अंडी घरट्यात गेली आणि दुसरी वाटी छातीशी धरून हळूभाऊ थेट यंत्राच्या खोलीत पोचले. सगळं सुखरूप पार पडलं होतं. त्यांनी कानाला औषध लावलं आणि यंत्रापुढे खुर्ची मांडली.

आता घरट्याची चिंता मिटली होती. शेजारच्या पिंजऱ्याची जाळी फाटून कित्येक महिने झाले होते, पण राणीसरकारच्या भीतीने हळूभाऊ तिथे हातोडी वाजू देत नसत. त्यांनी जाळीवाल्या मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"ठोका खुशाल," ते म्हणाले.

"अहो, ती बाई अंड्यांवर बसलीय ना?" मिस्त्रीने विचारलं.

"लाकडाची आहेत ती. तिच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहायचं नाही. आपलं काम भलं नि आपण भले."

मिस्त्री कामाला लागला. दिवसभर ठोकाठोक, आणि पिंजऱ्याच्या त्या कोपऱ्यात उजेड नाही म्हणून वर एक मोठा दिवा टांगलेला. हळूभाऊ तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. त्यांचा जीव यंत्रात अडकला होता. उष्णता कमी झाली की त्यांना घाम फुटायचा, वाढली की हुडहुडी भरायची. वीज गेली तर काय म्हणून त्यांनी घरातल्या गरम पाण्याच्या पिशव्या आणून ठेवल्या. बायको डबा घेऊन यायची तर तिला चपला बाहेर काढायला लावून खुणेनेच बोलायचे.

"सारखं काय बघता त्याच्यात?" ती एकदा वैतागून म्हणाली. "झाकण सारखं उचललं तर शिजतंय कसलं!"

"तुला यातलं कळत नाही."

"मला झाकणातलं कळतं," ती म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन गेली.

अंड्यामागे छोटा दिवा धरला की आतलं दिसतं. आधी लाल शिरा, मग पिल्लू वाढेल तसा अंधार. धक्का नको म्हणून हळूभाऊंनी बरेच दिवस कळ काढली, आणि शेवटी एकेका अंड्यामागे दिवा धरला. आत मिट्ट काळोख. उजेडाची एक रेघ पलीकडे येईना.

"भरलं!" हळूभाऊ कुजबुजले. मग त्यांना राहवेना. ते साहेबांच्या खोलीत धावले. "साहेब, दोन्ही गच्च भरलीत! इतकं भरलेलं अंडं मी जन्मात पाहिलं नाही!"

साहेबांनी वर फोन केला. वरच्यांनी आणखी वर केला. पिल्लं बाहेर येताना बघायला वरच्या कचेरीतल्या एक मोठ्या अधिकारी बाई येणार असं ठरलं, आणि यंत्राच्या खोलीला घाईघाईने रंग द्यायचं निघालं. ते हळूभाऊंनी दारात आडवं पडून रद्द करवलं.

वेळ भरत आली. पिल्लू निघायच्या आधी आतून बारीक चिवचिव ऐकू येते म्हणून हळूभाऊ कान लावून बसले. चिवचिव नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई साहेबांबरोबर खोलीत आल्या, आणि त्याच क्षणी हळूभाऊंना एका अंड्यावर केसासारखी बारीक रेघ दिसली.

"तडा!" ते ओरडले. "तडा गेला! पिल्लू निघतंय!"

खोलीत धावपळ उडाली. साहेब बाईंना खुर्ची द्यायला गेले आणि घाईत स्वतःच तिच्यात बसले. सगळ्यांच्या माना यंत्राच्या काचेकडे वळल्या. हळूभाऊंनी भिंग डोळ्याला लावलं. रेघ केसासारखी दिसत होती. अगदी केसासारखी. त्यांनी चिमट्याने हळूच टोक धरलं, तर रेघ चिमट्याबरोबर निघून आली. तो केसच होता. रंगाच्या ब्रशचा.

इतके दिवस डोळ्यात तेल घालून त्यांनी काय सांभाळलं होतं, तर लाकूड! मग खरी अंडी? खरी अंडी राणीसरकारच्या खाली, म्हणजे आतापर्यंत जमिनीवर! आणि वर मिस्त्रीची हातोडी, ती त्यांनीच आणलेली!

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही... तुम्ही बघत राहा. मी आलोच," असं म्हणून हळूभाऊ जे सुटले ते थेट पिंजऱ्यापाशी थांबले. वाटेत त्यांनी मनातल्या मनात बुवाचा निरोपसुद्धा घेऊन टाकला.

मिस्त्री निवांत डबा खात बसला होता.

"काय हो हळूभाऊ," तो घास गिळून म्हणाला, "तुमची लाकडाची अंडी आताशा चोच वासून ओरडतात होय?"

हळूभाऊंनी जाळीतून वर पाहिलं. घरट्याच्या काठावर दोन चिमुकली, उघडीबोडकी मुंडकी डुलत होती. वर टांगलेल्या दिव्याभोवती किडे घोंगावत होते, त्यातले जाळीतून आत शिरतील ते बुवा टिपत होता आणि राणीसरकार ते एकेका चोचीत कोंबत होती. शेजारच्या ठोकाठोकीचं तिला सोयरसुतक नव्हतं. तिला त्रास होता तो एकाच गोष्टीचा, आणि ती गोष्ट, म्हणजे भोकाला लावलेला डोळा, गेले कित्येक दिवस तिकडे फिरकली नव्हती.

"तुम्ही सांगितलं का नाही मला?" हळूभाऊंना रडू येत होतं की हसू, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"तुम्हीच म्हणालात ना, ढुंकून पाहायचं नाही म्हणून? मी एकदा चुकून पाहिलं. मग म्हटलं, जाऊ दे, आपलं काम भलं."

हळूभाऊंनी मिस्त्रीला मिठी मारली. डबा सांडला.

ते परत आले तेव्हा यंत्राच्या खोलीत चिडीचूप होतं. साहेब काचेला नाक लावून उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळूभाऊ, हळू!" ते कुजबुजले. "डावं हललं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाईंनीसुद्धा पाहिलं."

"मला तर आवाजही आला," बाई म्हणाल्या.

हळूभाऊंनी दोघांकडे पाहिलं, लाकडी अंड्यांकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "साहेब, पिल्लं तिकडे आहेत. आईपाशी. दोन्ही. यांना आता विश्रांती द्यावी."

खरं काय झालं ते त्यांनी सांगून टाकलं. साहेब आधी लाल झाले, मग बाई हसू लागल्या म्हणून तेही हसू लागले. जोडी इथेच राहणार, हे बाईंनी पिंजऱ्यापुढे उभ्या उभ्याच सांगितलं. साहेब लगेच म्हणाले, "आता घरट्यावर कॅमेरा लावू. हळूभाऊ, तुम्ही दिवसरात्र नजर ठेवायची."

"नको साहेब," हळूभाऊ म्हणाले. आणि त्यांनी भोकात कापसाचा बोळा कोंबला.

संध्याकाळी घरी त्यांनी लेकीला फोन करायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. बायको गंमत बघत होती. जेवणं झाली, भांडी झाली, हळूभाऊंनी वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं. शेवटी फोनच वाजला.

"बाबा! बरं आहे ना सगळं? आज फोन नाही, काही नाही. मला इथे काही सुचेना!"

"सगळं बरं आहे गं. दोन पिल्लं झाली."

"अय्या! खरंच?" 'जेवलीस का' हा नेहमीचा प्रश्न हळूभाऊंच्या जिभेच्या टोकावर आला होता, तो त्यांनी मोठ्या कष्टाने गिळला.

"बाबा," लेकीचा आवाज बारीक झाला, "मी जेवले हं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगितलं."