तोडकरांच्या भाषणातलं माझं हसू

देवस्थळी बाईंनी 'लिहून द्या, लिहून द्या' म्हणून डोकं खाल्लं नसतं तर मी हे सांगत बसलो नसतो, पण झालं असं की आमदार रंगराव तोडकरांचं भाषण संग्रहालयानं नेलं, तेव्हा माझं हसूही त्याबरोबर नेलं.

भाषण आमच्या पुलाच्या उद्घाटनाचं. पूल होईपर्यंत वर धरण झालं आणि नदी आटली. तोडकर माइकवर म्हणाले, "पूल आम्ही बांधला. नदी आणायचं काम विरोधकांकडं होतं." सगळ्यांच्या आधी मी हसलो. माझं हसू तेव्हा शेजारच्या वाडीला ऐकू जायचं. पुढं तोडकर वारले, पोरानं कागद संग्रहालयाला दिले. आमदारानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं विनोदी भाषण, असलं दुसरं कुठं नाही म्हणे. त्या ओळीच्या कडेला तोडकरांनी आधीच लिहून ठेवलं होतं : 'इथे शिदू खोत हसेल.' शिदू खोत म्हणजे मी.

देवस्थळी बाई संग्रहालयात कामाला. काचेची बरणी घेऊन दारात उभ्या.

"आजोबा, दस्तऐवज अपुरा ठेवता येत नाही. तुमचं हसू त्याचा भाग आहे."

"मग मी काय करू?"

बाईंनी ती ओळ वाचली. वाचली कसली, एसटीचं वेळापत्रक सांगावं तशी सांगितली. तरी मला हसू आलंच. त्यांनी झाकण लावलं, सही घेतली आणि गेल्या. सरकारी काम, मी काय बोलणार?

पुढं माझी बायको हौसा ओट्यावरून पडली आणि खुबा मोडला. खाटेवरून म्हणाली, "अवं, यम येऊन बघून गेला. म्हणला, ही एकट्याला उचलायची न्हाई, आणखी दोघं घिऊन येतो."

हौसा अंगानं भरलेली. मी तोंड उघडलं, तर सायकलच्या पंपासारखा नुसता वारा आला. तिनं डॉक्टरची नक्कल केली. वाराच. आमचा सगळा संसार तिनं बोलायचं आणि मी हसायचं, असाच झालेला.

"हसू संग्रहालयात आहे गं," मी सांगितलं.

"हसू काय घमेलं हाय व्हय, कुणी मागून न्यायला? सरळ सांगा की, माझा कटाळा आला." तिनं भिंतीकडं तोंड केलं. मग बोलणं सुटलं, पाठोपाठ भाकरी सुटली. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर म्हातारी हातची जाईल.

मी संग्रहालयात गेलो. "हसू द्या. बायको उठली की परत आणतो."

"दस्तऐवज बाहेर देता येत नाही, आजोबा. इथं येऊन ऐकता येतो."

मग हौसालाच टेंपोत गादी घालून नेली. काचेच्या पेटीत भाषण, शेजारी बरणी. बाईंनी ओळ वाचली. बरणीतून माझं हसू बाहेर आलं, खोलीभर फिरलं आणि परत आत जाऊन बसलं.

"ह्यांचंच हाय," हौसा म्हणाली. "पर बाई, ती वळ रंगरावांची न्हाई. माझी हाय."

"तुमची?"

"आदल्या दिशी आमदार चहाला आलतं. तवा मी चुलीपुढनं बोलले, पूल तुमी बांधला, नदी काय इरोधकांनी आणायची? हे असंच हसलं. म्हणून तर त्येला ठावं, शिदू कुठं हसतो."

मला एकदम आठवलं. हसताना चहा धोतरावर सांडला होता. माइकवर ऐकलं म्हणून ती ओळ मी जन्मभर तोडकरांची धरून चाललो.

बाईंनी चष्मा पुसला, भाषण पुन्हा वाचलं. "अक्षर आमदारांचं, ते आमच्याकडं राहील. हसू आजींचं. घेऊन जा," म्हणाल्या आणि झाकण उघडलं.

येताना टेंपो पुलावर आला. हौसानं खालच्या वाळूकडं बघितलं. "जरा थांबवा की. पाय धुते."

मी असा हसलो की ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला. घरी आल्यावर तिनं भाकरी मागितली, वर मीठ कमी आहे म्हणून मला शिव्या घातल्या.

आता संग्रहालयात त्या ओळीपाशी सगळं शांत असतं. 'हसू मालकिणीकडे परत', अशी पाटी लावलीय. देवस्थळी बाईंनी माझी माफी मागितली, मी चहा पाजला, विषय संपला. पण बायकोची ओळ आणि माझं हसू दोन्ही न विचारता कागदावर घेणारा माणूस अजून गप्पच आहे. मेला म्हणून मी सोडणार नाही. भाषण करायला येतं, तर माफी मागायलाही यावं आमदार रंगराव तोडकरांनी.