नाताळाला जाणारी रिक्षा

नाताळच्या सकाळी सेजल फोनवर एवढंच म्हणाली, "आजी, तुमच्या गावात ख्रिसमस नसतो ना? मग मी येऊन काय करू?" आणि इकडे आवडीची तव्यावरची भाकरी करपली.

सेजल म्हणजे आवडीची सात वर्षांची नात, मुंबईची. तिच्या बापाने, दीपेशने, आईला आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी हो म्हणाली तर सुट्टीत गावी येऊ, नाहीतर लोणावळ्याला जाऊ. आज संध्याकाळी ठरणार होतं.

"कोण म्हणतंय नसतो?" आवडी म्हणाली. "दिवेलागणीला फोन कर. दिवे लावलेलं झाड दाखवते तुला."

शेजारची तुळसा हे ऐकत होती. "आवडे, आपल्या वाडीत कुठलं गो तसलं झाड?"

"महाडात हाय. केकच्या दुकानात लावलंय म्हणे. लुगडं बदल, चल."

"मला कशाला वढतेस?"

"फोन धरायला."

पोलादपूरच्या स्टँडवर तिसरी मैत्रीण येऊन मिळाली, महरुन्निसा. तिचं तिथे शिलाईचं दुकान. महाडच्या गिऱ्हाइकाला द्यायला शिवलेली टोपडी तिच्या पिशवीत होती. तुळसाने वाटेत खायला उकडलेल्या पावट्याच्या शेंगा घेतल्या होत्या. आवडीने घेतली होती मधाची बाटली. केकवाल्याने झाडाजवळ उभं राहू दिलं नाही, तर त्याचं तोंड गोड करायला.

महाडला उतरल्यावर लक्षात आलं, की दुकानाचं नाव कोणालाच माहीत नाही. पण आवडी अडून बसणारी नव्हे. तिने समोरची रिक्षा गाठली आणि सांगितलं, "नाताळाला सोड रे."

रिक्षावाल्या पांडूचं इंजिन चालू होतं, मागे एसटीचा भोंगा वाजत होता. त्याने ऐकलं, "नात्याला सोड." नाते हे रायगडाच्या वाटेवरचं गाव. पांडूला त्यात नवल वाटलं नाही.

"बसा. सकाळपासून तिकडंच फेऱ्या चालल्यात. मंडप घातलाय, लायटिंग हाय."

"बघ," आवडी तुळसाला म्हणाली.

"जेवाण बी हाय. बाळ झोपायच्या आत पोचवतो तुमाला."

"बाळ?" तुळसा दचकली. "नाताळात बाळ कुठलं?"

"असतं गो," महरुन्निसा म्हणाली. "आज ईसांचा, येशूचा जन्मदिस ना? बाळाचाच तर सण."

शंका मिटली. बाजार मागे पडला, घरं विरळ झाली, डोंगर जवळ आले. "केकवाल्यानं दुकान फार लांब टाकलंय," एवढंच काय ते तुळसा म्हणाली.

रिक्षा एका अंगणाशी थांबली. मंडप होता, माणसं होती. तिघींना उतरवून पांडू "सांच्याला न्यायला येतो" म्हणत निघूनही गेला. घरची मालकीण बयाबाई लगबगीने पुढे आली.

"कुठून आल्यात?"

"पोलादपूरकडनं."

"मंजी सुनंच्या माहेरच्या! या गो, तुमचीच वाट बघत होतो."

आवडीला वेळ दवडायचा नव्हता. "बसू मग. आधी मला झाडाकडं जायचंय."

बयाबाईने आवाज खाली आणला. "मागल्या दारी हाय. बादली भरून ठेवलीय."

मागल्या दारचा संडास बघून आवडी आली, ती लाल चेहऱ्याने. मग चौकशी झाली, आणि सगळं उलगडलं. केकचं दुकान मागे महाडात राहिलं होतं. हे नाते गाव, आणि आज बयाबाईच्या नातवाचं बारसं.

बयाबाई हसून हसून खांबाला टेकली. "आल्यात तर जेवूनच जावा. बारशाच्या घरनं कोण उपाशी जातं?"

रिकाम्या हाताने जेवायचं कसं? महरुन्निसाने बाळाला टोपडं घातलं. तुळसाने शेंगा दिल्या, आवडीने मध दिला. जेवण झालं, बाळाचं नाव स्वराज ठेवलं, तुळसाने पाळणाही म्हटला. पण आवडीचं चित्त अंगणातल्या आंब्यावर होतं.

"तुळसे, त्या मंडपवाल्याला सांग, थोडी लायटीची माळ आंब्याला गुंडाळ."

"आंब्याला कोण नाताळ म्हणंल?"

"झाड ते झाड. फुगे पण बांध."

बयाबाईला आता गंमत वाटू लागली होती. तिने माळ्यावरून दिवाळीचा चांदणीचा कंदील काढून दिला. घरात गर्दीने उकडू लागलं म्हणून पाळणाही आंब्याखाली आला, पेंढ्याच्या भाऱ्याशेजारी. गोठ्यातली गाय मान वर करून बघू लागली.

दिवेलागणीला फोन वाजला. तुळसाने तो उलटा धरला, मग सुलटा केला. आवडी पदर सारखा करून झाडापाशी उभी राहिली.

"आजी, हे ख्रिसमस ट्री नाहीये. ह्याची पानं मोठी आहेत."

आवडी पानांसमोर सरकली. एवढ्यात बाळाने भोकाड पसरलं.

"ते कोण रडतंय? दाखव ना." तुळसाने फोन फिरवला. सेजलने पाळणा पाहिला, पेंढा पाहिला, गाय पाहिली. मग सेजल हळूच म्हणाली, "आजी, तुमच्याकडे खरा बाळ येशू आहे? गवत पण? गाय पण? आमच्या शाळेतल्या नाटकात नुसती बाहुली होती. आणि गाय म्हणजे आर्यनच होता."

"आमच्याकडं समदं खरं असतं," आवडी ठामपणे म्हणाली.

"मग ते तीन शहाणे कुठायत? लांबून येतात, बाळाला गिफ्ट देतात ते?"

आवडीने तुळसाच्या हातून फोन घेतला आणि एका हाताने दोघी मैत्रिणींना जवळ ओढलं. "ह्या काय, तिघी बी हाव."

"तुम्ही चांदणी बघत बघत आलात?"

"नाय गो. पांडूच्या रिक्षानं."

सेजलला ते पटलं. "बाबा, लोणावळा कॅन्सल," ती मागे वळून ओरडली आणि पुन्हा फोनला चिकटली. "आजी, आम्ही परवा येतो. बाळाला तिथेच ठेव. आणि त्या शहाण्यांना सांग, मी येईपर्यंत हलायचं नाही."

आवडीने डोळे टिपले. तुळसाने मात्र फोनजवळ तोंड नेलं.

"पोरी, शहाण्यांचं काय हाय, त्यांना घरी जाऊन येऊ दे. म्हशीची धार काढायची ऱ्हायलीय."