चुकांचे कारभारी

रणपिसे आप्पा माझ्यावर पहिल्यांदा चिडले ते मी चूक केली नाही म्हणून.

नोकरीचा माझा दुसराच दिवस. त्यांनी कागदावर लिहून दिलेला प्रोग्रॅम मी मशीनवर कार्डांना भोकं पाडून पंच करत होते, एका ओळीला एक कार्ड. सातव्या ओळीत त्यांनी एका आकड्याला शून्यानं भागलं होतं. शाळेत गणितात मी काही दिवे लावले नव्हते, पण शून्यानं भागायचं नसतं एवढं मलाही ठाऊक होतं. मी शून्याचा एक केला आणि वर हसून त्यांना सांगितलंही. वाटलं, शाबासकी मिळेल. आप्पांनी ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, माझी चूक कुठं गेली?"

"दुरुस्त केली."

"कुणी सांगितलं व्हतं? चांगली धडधाकट चूक व्हती. नासवली की वो!"

हे प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल दौंडात वेड्यांचं इस्पितळ उघडलं होतं आणि मी तिथं भरती झाले होते. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या संस्थेचा कॉम्प्युटर होता पुण्यात आणि कार्डं पंच करणाऱ्या आम्ही चौघी दौंडात. का? तर केंद्रप्रमुखांच्या मेव्हण्याचं गुळाचं गोदाम तिथं रिकामं पडलं होतं. फायलीत मात्र 'ग्रामीण भागात विज्ञानाचा प्रसार' असं कारण लिहिलेलं. गुळाचा वास भिंतींतून गेला नव्हता आणि मुंग्यांनीही मुक्काम हलवला नव्हता. त्या गोदामात मुंग्या तेवढ्या कायम, बाकी आम्ही सगळ्या टेंपररी. सहा महिन्यांची ऑर्डर संपली की पुन्हा सहा महिन्यांची. घरी आई आणि मी, आणि घर चालायचं माझ्या पगारावर. दर ऑर्डर संपायच्या आठवड्यात आईला झोप लागायची नाही. कायम व्हायचं, एवढा एकच ध्यास मी घेतला होता.

तर आमचे पुण्यातले हुशार लोक एक डिबगर बनवत होते. डिबगर म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक हुडकून ती कुठल्या ओळीत आहे ते सांगणारा प्रोग्रॅम. दुसऱ्याच्या चुका काढायला आपल्याकडे यंत्र कशाला लागतं, असं आई म्हणाली होती. पण हा चुका काढणारा खरंच चुका काढतो का, हे कुणी बघायचं? त्यासाठी आप्पा होते. "तपासनाऱ्याला कोन तपासनार, ताई?" असं ते दिवसातून चारदा तरी विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे.

आप्पा मूळचे वडगाव रासाईचे. आधी रेल्वेच्या कचेरीत कार्डांच्या यंत्रांवर होते, तिथून इकडं आले. त्यांनी चाळीस छोटे प्रोग्रॅम लिहिले होते, प्रत्येकात मुद्दाम घातलेली एकेक चूक. प्रत्येक प्रोग्रॅमसोबत उत्तराची कार्डं : डिबगरनं इथं अमुक ओळीत तमुक चूक दाखवायला हवी. संध्याकाळी सगळी कार्डं पत्र्याच्या ट्रंकेत भरून गाडीनं पुण्याला जायची. तिथं एकदा गठ्ठा यंत्रात घातला की पुढं माणसाचं काम नाही. यंत्र डिबगरला एकेक प्रोग्रॅम चाटायला द्यायचं, त्याचं म्हणणं आप्पांच्या उत्तराशी ताडून बघायचं आणि छापायचं, 'जुळले' किंवा 'न जुळले'. सकाळच्या गाडीनं तो कागद दौंडात हजर.

"मानूस मधी आला की भीड पडती," आप्पा म्हणायचे. "मोठ्या सायबाचा डिबगर हाय म्हनल्यावर कोन म्हननार, चुकलं? यंत्राला भीड न्हाई." आणखी एक नियम होता. जी प्रोग्रॅम पंच करते तिनं उत्तर बघायचं नाही. म्हणून प्रोग्रॅम माझ्याकडे आणि उत्तरं निर्मलाकडे. निर्मला माझ्या शेजारीच बसायची, पण आप्पांनी मध्ये पुठ्ठा उभा केला होता. डबा खातानासुद्धा तो काढायचा नाही.

हे वेड कचेरीपुरतं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण आप्पा गोदामाबाहेरही चुका पेरत फिरायचे. एकदा ते एका स्टेशनवर चौकशीच्या खिडकीशी गेले (कुठलं स्टेशन ते सांगत नाही, मला अजून तिथूनच गाडी पकडायची असते) आणि विचारलं, "वडगाव रासाईची पॅसेंजर कवा हाय?" वडगाव रासाईला नदी आहे, ऊस आहे, रूळ मात्र अजिबात नाहीत. खिडकीतल्या बाबूनं मान वर न करता सांगितलं, "चाळीस मिनिटं लेट." आप्पा फलाटावरच्या बाकावर पूर्ण चाळीस मिनिटं बसले. मग पुन्हा खिडकीशी गेले. बाबू म्हणाला, "आत्ताच गेली की! काय झोपला होता काय?"

डॉक्टरकडे गेले तेव्हा उजवा खांदा दुखत असून डावा सांगितला. डॉक्टरांनी डावा दाबून बघितला, "सूज आहे बरं का," म्हणाले आणि सुई टोचली. आप्पा दोन्ही खांदे धरून, पण मोठ्या समाधानानं घरी आले. "नापास," एवढंच बोलले.

आणि त्यांच्या गावाकडच्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेत तर त्यांनी कहर केला. सेक्रेटरी आजारी म्हणून इतिवृत्त वाचायला यांना बसवलं. यांनी मध्येच एक ठराव घुसडला : भीमा नदी येत्या महिन्यापासून उलट्या दिशेनं वाहील, जेणेकरून वरच्या सभासदांवर अन्याय होणार नाही. सभा एका सुरात, "मंजूर! मंजूर!" एका पुढाऱ्यानं तर उठून हा प्रश्न आपणच वर लावून धरल्याचं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. महिना लागल्यावर आठवडाभर आप्पा नदीवर जाऊन पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघून यायचे. "ठराव झालाय, बघाय नगं व्हय?"

अशी अडीच वर्षं गेली. मीही हळूहळू बिघडले. कार्ड बघून ही चूक आप्पांची की खरी, हे मला ओळखू यायला लागलं.

मग दिल्लीहून समिती येणार असं ठरलं. डिबगर बघणार, गोदाम बघणार. केंद्रप्रमुखांनी आम्हा चौघींना उभं करून सांगितलं, समिती खूश झाली तर चौघींतल्या दोघी कायम. पण जिच्या कार्डामुळं एक जरी 'न जुळले' आलं, तिच्या नावापुढं शेरा. शेरा म्हणजे घरी. हे सांगून त्यांनी भिंतीवरच्या मुंग्या झाडून घ्यायला सांगितल्या.

समितीच्या आदल्या दिवशी आप्पांनी एक्केचाळिसावा प्रोग्रॅम लिहून माझ्यापुढं ठेवला. मी पंच करायला घेतला. चौथ्या ओळीत चूक होती, नेहमीची, ओळखीची. पण पुढं बाराव्या ओळीपाशी मी थबकले. तिथं एकच हिशेब ठरावीक फेऱ्यांत करायचा होता आणि फेऱ्यांची गणती वाढवणारी ओळच नव्हती. यंत्र गरगरत बसलं असतं. दोन चुका? आप्पांच्या चाळीस प्रोग्रॅममध्ये कधी एकाहून जास्त चूक नव्हती. ही खरी चूक होती, त्यांच्या हातून झालेली.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता त्यांच्या. परवाच सदरा उलटा घालून आले होते आणि सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या होत्या. 'म्हाताऱ्याला आता घरी बसवा' असं प्रमुख तोंडावर म्हणायला लागले होते. विचारायला गेले असते तर निर्मलानं ऐकलं असतं आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे बोभाटा झाला असता. मी गणती वाढवणारं एक कार्ड पंच केलं, गुपचूप गठ्ठ्यात सारलं आणि ट्रंक बंद झाली.

सकाळी समितीचे तिघे बिस्किटं खात बसले होते, मुंग्याही खात होत्या. हातगाडीवरून ट्रंक आली. प्रमुखांनी कागद मोठ्या दिमाखात उलगडला आणि वाचत गेले. जुळले, जुळले, जुळले. चाळिसापर्यंत आवाज चढत गेला. एक्केचाळिसाव्याला बसला.

न जुळले.

त्यात दोन चुका होत्या, आप्पांनी मुद्दाम घातलेल्या दोन! पहिली सापडल्यावर डिबगर गप्प बसतो की दुसरीही शोधतो, हे त्यांना बघायचं होतं. कागदावर छापलंच होतं : उत्तरात दोन लिहिल्या होत्या आणि डिबगरला सापडली एकच. दुसरी मी मारून टाकली होती.

प्रमुख आप्पांच्या कानाशी लागून म्हणाले, "तो एक्केचाळिसावा काढून टाका हो. चाळीसपैकी चाळीस दिसतील."

"मग यंत्र कशाला फिरवायचं, सायेब?" आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "जुळले जुळले छापूनच आणू. छापखाना जवळच हाय."

समितीतल्या एकाला मराठी कळत होतं. तो हसला. प्रमुखांचा चेहरा लाल झाला. "पंचिंग कुणाचं आहे हे? कागद आणा, कार्डं आणा, आत्ताच्या आत्ता लावून बघा!"

आप्पांनी आपण प्रोग्रॅम लिहिलेला कागद समोर घेतला आणि एकेक कार्ड बोटानं चाचपत ताडायला लागले. बाराव्यानंतर त्यांचं बोट थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. आई डोळ्यांपुढं आली आणि मी मान खाली घातली. आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

आप्पांनी ते कार्ड मुठीत घेतलं, गठ्ठा सारखा केला आणि म्हणाले, "कार्डं कागदापरमानं हायेत. पोरींचं काय चुकलं न्हाई. मीच वंगाळ लिवलंय."

मराठी कळणाऱ्यानं ते बाकीच्या दोघांना सांगितलं आणि चुका लिहिणाराच चुकला म्हणून समिती खो-खो हसली. प्रमुखांना तर आयतंच सापडलं. दुसऱ्या दिवशी आप्पांकडचं तपासणीचं काम काढलं आणि त्यांना स्टेशनरीच्या कपाटाजवळ बसवलं. पेन्सिली आणि फॉर्म वाटायचे. एक्केचाळिसावा प्रोग्रॅम रद्द झाला, डिबगरची वाहवा झाली आणि महिन्याभरात माझी कायमची ऑर्डर आली. आईनं पेढे आणले. मला एकही गिळवेना.

मग मी एकच केलं. एक्केचाळिसावा प्रोग्रॅम कागदाबरहुकूम पुन्हा पंच केला, दोन्ही चुकांसकट, आणि निर्मलाच्या हातापाया पडून उत्तराची कार्डं मिळवली. गठ्ठा कुणाला न सांगता ट्रंकेत टाकला. सकाळी कागद आला. जुळले. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस.

रविवारी तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. रेल्वे लाइनीपलीकडे त्यांची एक खोली होती. आत एकच ताट, एकच कप. त्यांनी मला कपात चहा दिला आणि स्वतःसाठी वाटीत ओतला. बायको लग्नानंतर वर्षातच गेली, हे मला त्या दिवशी कळलं. अडीच वर्षं मी त्यांची थट्टा केली होती आणि एवढंसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

"आप्पा, ते कार्ड मी घातलं होतं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

"ठाव हाय की."

"मग बोलला का नाहीत? तुमचं काम गेलं माझ्यापायी."

आप्पांनी वाटी खाली ठेवली. "तुमाला वाटलं, आप्पाला दिसत न्हाई, आप्पा चुकला. व्हय का न्हाई?"

मी होय म्हणून मान हलवली.

"आन् तरी तुमी कुनाला बोलला न्हाई. हसला न्हाई. गपचिप एक कार्ड सारलं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बावन्न वर्सं झाली मला, ताई. चुकलं की बोट दावनारी लई भेटली. पांगरून घालनारं कुनी भेटलं नव्हतं. ते कार्ड हातात आलं आन् तुमचं नाव घ्यायला माझं तोंडच उघडंना."

मी कागद पुढं केला. "आप्पा, सगळे जुळलेत, बघा तरी." त्यांनी तो हातात घेतला, पण उलगडला नाही. गुडघ्यावर तसाच ठेवला आणि गार झालेला चहा पीत राहिले.