इसिओमाचं मरण, परत एकदा

"मरावं कसं, ते माझ्याकडून शिका!" असाबा शहरातल्या म्हाताऱ्या इसिओमानं अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. का नाही ऐकवणार? तेगा नावाचा सिनेमावाला तिच्याच अंगणात भुताचा पिक्चर काढत होता. मेलेल्या आईची पोरं घरावरून भांडतात आणि आई शवपेटीतून उठून दोघांना झोडपते, अशी गोष्ट. आईचं काम इसिओमाला! बाईनं श्वास रोखून इतकी तालीम केली, की शेजारीण दोनदा रडून गेली!

आता भांडण म्हणाल, तर ते घरचंच होतं. इसिओमाच्या नवऱ्याच्या मयताला थोरल्या पोरानं, अझुकानं, सगळ्यांना निळं कापड शिवायला सांगितलं, आणि धाकट्या न्दुदीनं हिरवं. मयताला अख्ख्या घरानं एकाच कापडात दिसायचं असतं हो! इथं अर्धं घर निळं, अर्धं हिरवं, जशी फुटबॉलची मॅच, आणि मधे बिचारा म्हातारा बॉलसारखा पडलेला! तेव्हापासून भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एक नाताळला येतो, दुसरा ईस्टरला. इसिओमा मात्र दर रविवारी कडू पाल्याचं सार दोघांपुरतं करते, उखळात कोनफळ कुटते, दोन ताटं मांडते. आणि सोमवारी एकटीच शिळं खाते.

तर शूटिंगच्या दिवशी, रविवारी सकाळी, तेगानं गेटवर भला मोठा कागद चिकटवला. त्यावर इसिओमाचा हसरा फोटो आणि खाली, 'आमची लाडकी आई देवाघरी गेली.'

"फोटो झकास आलाय रे!" म्हणत इसिओमा नाकात कापूस घालून पेटीत आडवी झाली.

पण रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढला आणि दिला पाठवून! तो एकीकडे बेनिनला अझुकाकडे पोचला, दुसरीकडे नदीच्या पुलापलीकडे ओनित्शाला न्दुदीकडे. दुपारी अंगणात दोन गाड्या धाडकन येऊन थांबल्या.

"आई गं!" अझुका.

"मला न सांगता गेलीस?" न्दुदी.

कॅमेरा बघून तरी कळायला हवं होतं ना? छे! असाबात मयताचं व्हिडिओ शूटिंग नसेल, तर लोक म्हणतात, मेला तरी कशाला! शिवाय तेगानं आणलेल्या रडणाऱ्या बायका गळा काढत होत्या. तेगाला वाटलं, हे नवे नट कुणी पाठवले? काय रडतायत! "चालू ठेव," तो कॅमेऱ्यावाल्याला पुटपुटला.

इसिओमा उठणारच होती. देवाशप्पथ उठणार होती! तेवढ्यात अझुकाचं आसू टपकन तिच्या गालावर पडलं. न्दुदीनं तिचे पाय धरले, लहानपणी विजा कडाडल्या की धरायचा, तस्से. दोन्ही पोरं एकाच वेळी तिच्याजवळ! कापसाआडून तिनं हळूच श्वास घेतला आणि मनाशी म्हणाली, अगं, थोडं आणखी मर.

"आईला निळा शोभायचा," अझुका डोळे पुसत म्हणाला. "सगळ्यांना निळंच शिवू."

"निळा? तिला हिरवा आवडायचा!"

"तुला काय कळतं रे, टायर विकणाऱ्या?"

"तू तर गप्पच बस! बाबांच्या मयतालासुद्धा तूच..."

पुन्हा तेच! पेटीवरचे हात सुटले, एकमेकांच्या कॉलरला गेले. इसिओमाला राहवलं नाही. तोंडाला पांढरी पावडर, नाकात कापूस, अशी ती ताडकन उठून बसली.

"जांभळा! मला कुणी विचारलं का कधी? मला जांभळा आवडतो!"

अहो, काय पळापळ! रडणाऱ्या बायका भिंतीवरून गेल्या. कॅमेऱ्यावाला कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला. आणि पोरं? थोरल्यानं धाकट्याचं मनगट धरलं, खेचत आपल्या गाडीत कोंबलं आणि धूळ उडवत पसार! न्दुदीची गाडी अंगणातच राहिली.

"थांबा रे, जेवून तरी जा!" इसिओमा ओरडली. भूत जेवायला बोलावतंय म्हटल्यावर गाडी आणखीच सुसाट सुटली.

धूळ बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली. दोघं एकाच गाडीत! आत चुलीवर सार ऊन होतं, ताटं मांडलेली होती.

तेगा डोकं खाजवत आला. "आजी, सोनं झालं सोनं! पण कॅमेरा पडला ना, शेवटचं काही आलंच नाही. परत एकदा घ्यावं लागेल."

"घे की!" इसिओमानं नाकातला कापूस नीट बसवला आणि पेटीत आडवी झाली. "फक्त गेटवरचा तो कागद काढू नकोस हं."