जुडी बांधून उगवलेली मेथी

दिवाळी सरली आणि नेकनूरच्या सत्यशीलाबाईंनी घरामागे, न्हाणीच्या सांडपाण्यावर मेथी टाकली. मेथी दोन पानांवर आली. इथवर शासनाचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता.

संबंध आला तो त्यांचे यजमान बंकटराव यांच्यामुळे. ते ग्रामपंचायतीचे सदस्य. 'आदर्श हिवाळी परसबाग' मोहिमेत गावातली एक तरी बाग दाखवणे अनिवार्य होते, आणि बंकटरावांनी भर बैठकीत हात वर केला. ग्रामसेवक सोमनाथराव पाहणीला आले. त्यांनी मेथीकडे बराच वेळ गंभीरपणे पाहिले.

"वहिनी, ही परसबाग न्हाई."

"मग काय हाय?"

"ही मेथी हाय. परसबागेला आधी आराखडा लागतो."

आराखडा आला. त्यात फरशीची पायवाट होती, स्वागतकमान होती, मान्यवरांसाठी मांडव होता. या सगळ्याला पुरेल अशी सपाट जागा घरामागे एकच होती, आणि तिथे मेथी होती. सत्यशीलाबाईंनी ती उपटायला साफ नकार दिला. मग त्या बाजाराला गेलेल्या असताना फरशी बसवण्यात आली.

"माजी जित्ती मेथी गाडली तुमी!" पिशवी खाली टाकून त्या ओरडल्या.

"आगं, सरकारी कामात थोडं सोसावं लागतं," बंकटराव म्हणाले. सोसायचे कोणी, हे आराखड्यात नमूद नव्हते.

उरलेल्या वाफ्यावर मांडवाची सावली पडली. ऊन नाही म्हटल्यावर काहीच उगवले नाही. जिल्ह्याच्या साहेबांची पाहणी उद्यावर आली. 'मेथी, गाजर, फुलकोबी' असा फलक मात्र रंगवून तयार होता. फलक बदलायला वरून मंजुरी लागली असती. तेव्हा भाजीच फलकाप्रमाणे करून घ्यावी, असे सोमनाथरावांनी ठरवले. बंकटराव शेजारच्या बीबीजानकडे गेले. ती आठवडी बाजारात भाजी विकायची.

"भाभी, मुळं असलेली ताजी भाजी पायजे."

"मुळं कावून? खायला का लावायला?"

"दाखवायला."

"मग सुकलेली बी चालंल की," ती म्हणाली. "बघणारे कुठं खाणार हायत?"

सकाळी बंकटराव आणि सोमनाथरावांनी भाजी मातीत खोवली. गाजरे रांगेत पुरली, फुलकोबी दांड्यावर उभी केली. मेथीच्या जुड्या सोडायला वेळ उरला नाही. त्या सुतळीसकट रोवल्या. सत्यशीलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आज यांचं बिंग फुटणार, या विचाराने त्यांना कितीतरी दिवसांनी बरे वाटत होते.

साहेब आले, वाकले आणि त्यांनी मेथी उपटली. हातात अख्खी जुडी आली. सोमनाथराव आभाळाकडे पाहू लागले.

"ही बांधूनच उगवते?" साहेबांनी विचारले.

सत्यशीलाबाई पुढे झाल्या. "साहेब, बाजारातून आणून खोवलीय ती. खरी मेथी तुमच्या पायाखाली हाय, फरशीच्या खाली."

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिले आणि ते मनापासून हसले. "पाहिलंत? ग्रामीण महिलेची विनोदबुद्धी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "जुडी बांधायची मजुरी वाचवणारं वाण आहे हे. जिल्हाभर गेलं पाहिजे."

पहिला क्रमांक जाहीर झाला. सत्यशीलाबाईंना धारूरला महिलांना मार्गदर्शन करायला बोलावले. तिथेही त्यांनी खरे तेच सांगितले. बाया पोट धरून हसल्या आणि जाताना बियाणे मागू लागल्या. बक्षीस म्हणून त्यांना एक कुदळ मिळाली. घरी येताच त्यांनी ती फरशीत घातली.

"आगं, आदर्श बाग हाय ती!" बंकटराव धावत आले.

"तीच खणतीय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा घाव घातला.

साहेबांचा जुडी उपटतानाचा फोटो तोवर जिल्हाभरातल्या मोबाइलवर पोचला होता. आपल्यालाही आला. आपण हात जोडल्याचे चित्र टाकले, 'अभिमानास्पद' लिहिले आणि तो पुढे पाठवला. आपल्या गटात एकानेच विचारले होते, "त्या मेथीला सुतळी कावून हाय?"

त्याला गटातून काढा, असे आपण सगळेच म्हणालो.